हमी कोणास? : उपाहारगृहाच्या सरकारी कर्जातील काही शब्द

'सरकारी कर्ज काढून हॉटेल टाकले' असे वाक्य महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी सहज कानी पडते, आणि ऐकणाऱ्यास त्यात दुर्बोध असे काही वाटत नाही. तथापि या पाच शब्दांपैकी निदान दोन अर्थाच्या दृष्टीने निसरडे आहेत. कर्ज सरकारचे नसते, बँकेचे असते. आणि ज्यास हॉटेल म्हटले जाते ते बँकेच्या व सांख्यिकीच्या वर्गीकरणात हॉटेल नसते. ज्या शब्दाचा उच्चार न होताही जो या वाक्यामागे उभा असतो, तो 'हमी' हा शब्द तर त्याहूनही फसवा आहे. या कर्जामागे सरकारची हमी असते हे खरे. पण ती हमी ज्यास दिलेली असते तो हे वाक्य बोलणारा मनुष्य नव्हे. ही गल्लत केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय असती, तर तिची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु धंदा बसतो, हप्ते थकतात, वसुलीची नोटीस हाती पडते, आणि त्या दिवशी 'कर्ज तर सरकारच्या हमीचे होते' असे सांगणारा मनुष्य खोटे बोलत नसतो. तो मराठीतील एका सुस्थिर संकेतास धरूनच बोलत असतो. तो संकेत कोणता आणि पतपुरवठ्याच्या परिभाषेने तो कोठे मोडला, हे पाहणे उद्बोधक आहे.

प्रथम 'सरकारी' हे विशेषण घ्यावे. 'ई' हा प्रत्यय नामास लागून जे विशेषण सिद्ध होते, त्यातून दोन पदार्थांचा संबंध आहे एवढेच कळते. तो संबंध कोणता हे कळत नाही. सरकारी दवाखाना म्हणजे सरकारच्या मालकीचा. सरकारी भाव म्हणजे सरकारने ठरविलेला. सरकारी देणे म्हणजे सरकारास द्यावयाचे. 'सरकारी कर्ज' या प्रयोगाचे याच न्यायाने तीन अर्थ होतात. वृत्तपत्राच्या अर्थविषयक पानावर त्याचा अर्थ सरकारने स्वतः काढलेले कर्ज असा असतो. जुन्या शेतकऱ्याच्या तोंडी सरकारने दिलेले कर्ज असा असतो. आणि ज्याने चहा-मिसळीचे दुकान काढण्यासाठी बँकेत अर्ज केला आहे, त्याच्या बाबतीत वस्तुस्थिती या दोहोंहून निराळी, म्हणजे बँकेने स्वतःच्या ठेवींतून दिलेले आणि सरकारने मागून आधार दिलेले कर्ज, अशी असते. हा तिसरा अर्थ सर्वांत नवा आहे. बोलणारा मात्र बहुधा दुसऱ्याच अर्थाच्या छायेत बोलतो.

या दुसऱ्या अर्थास भक्कम इतिहास आहे. १८८३ चा जमीनसुधारणा कर्ज कायदा आणि १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा यांन्वये सरकारी खजिन्यातून थेट रयतेस कर्ज मिळत असे. त्यास मराठीत तगाई म्हणत. हा शब्द बळ देणे या अर्थाच्या अरबी 'तकावी'पासून आलेला आहे. तगाई महसुली अधिकाऱ्यांमार्फत वाटली जाई आणि थकल्यास शेतसाऱ्याच्या थकबाकीप्रमाणे वसूल होई. येथे धनको सरकार होते, आणि जो धनको असतो त्यास तहकुबी देण्याचा, सूट देण्याचा, प्रसंगी सर्वच सोडून देण्याचा अधिकार असतो. दुष्काळात हे घडे, आणि घडे म्हणूनच सरकारी कर्ज व सावकारी कर्ज यांच्यातील फरक खेड्यातल्या माणसास समजावून सांगावा लागत नसे. उपाहारगृहाच्या कर्जास 'सरकारी' हे विशेषण लागले की या जुन्या अनुभवाचे सर्व संस्कार त्याला आपोआप चिकटतात. वास्तविक या कर्जात सूट देण्याचा अधिकार सरकारास नाही, कारण पैसा त्याचा नाही.

मग सरकार काय करते? लहान धंदेवाल्यास कर्ज देण्यास बँका पूर्वीपासूनच अनुत्सुक असत. त्याच्यापाशी तारण नसते, हिशेब लिहिलेले नसतात, आणि वीस जणांच्या लहान कर्जांस लागणारी खटपट एका मोठ्या कर्जाच्या वीसपट असते. ही अनिच्छा दूर करण्यासाठी जुलै १९६० मध्ये लघुउद्योगांच्या कर्जांस हमी देणारी योजना भारत सरकारने सुरू केली व तिचा कारभार रिझर्व्ह बँकेकडे सोपविला. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७१ मध्ये पत हमी महामंडळ निघाले आणि लहान व्यापारी, वाहतूकदार, स्वयंरोजगारी यांची कर्जेही हमीच्या कक्षेत आली. १९७८ मध्ये हे महामंडळ ठेव विमा महामंडळात विलीन झाले. पुढे बँका त्या योजनांतून हळूहळू बाहेर पडल्या, आणि २००० साली केंद्र सरकार व लघुउद्योग विकास बँक, म्हणजे सिडबी, यांनी मिळून सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी पत हमी निधी न्यास स्थापन केला. २००६ च्या कायद्याने सेवाव्यवसायांस 'उद्योग' या संज्ञेत स्थान दिल्यामुळे खानावळ, उपाहारगृह, पोळीभाजी केंद्र हे सर्व या योजनांच्या दृष्टीने उद्योग ठरतात. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील कर्जांस सूक्ष्म घटकांसाठीच्या एका स्वतंत्र हमी निधीचा आधार आहे. लोक 'मुद्रा बँकेचे कर्ज' म्हणतात. पण मुद्रा ही संस्था कोणाही हॉटेलवाल्यास कर्ज देत नाही. कर्ज देणाऱ्या संस्थांस ती पुनर्वित्त पुरविते. कर्ज द्यावे की न द्यावे, हा निर्णय सर्वस्वी बँकेच्या शाखेतच होतो.

या सर्व योजनांच्या नावांत 'हमी' हा शब्द आहे, आणि खरी अडचण तेथे आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात हा शब्द दोन मोठ्या प्रयोगांनी रूढ केला : 'रोजगार हमी' आणि 'हमीभाव'. महाराष्ट्रातील रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळकाळात सुरू झाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. हमी कोणास? काम मागणाऱ्या मजुरास. हमीभावात हमी कोणास? शेतमाल विकणाऱ्या शेतकऱ्यास. दोन्ही सामासिक शब्दांत संप्रदान, म्हणजे ज्यास काही दिले जाते तो, उघडपणे सांगितलेला नाही; समासाच्या स्वभावानुसार विभक्तिप्रत्यय लोपलेला आहे. परंतु ऐकणारा तो मनात भरतो, आणि दोन्ही वेळा तेथे सामान्य नागरिकच येतो. अशा रीतीने 'सरकारची हमी म्हणजे नागरिकास हमी' हा संकेत दृढ झाला. त्यानंतर 'कर्ज हमी' हा शब्द कानी आल्यावर मराठी भाषिकाने लुप्त चतुर्थीच्या जागी पुन्हा नागरिकास, म्हणजे कर्जदारास बसवावे, हे अत्यंत स्वाभाविक आहे. येथे मात्र ती जागा बँकेची आहे. रोजगार हमी म्हणजे रोजगार मिळेल अशी हमी. त्या धर्तीवर कर्ज हमी म्हणजे कर्ज मिळेल अशी हमी, असाही काहींचा समज होतो. तोही चूकच. कर्ज बुडाल्यास त्यातील काही भाग बँकेस भरून मिळेल, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे.

'पत हमी' हा पर्याय अधिक शास्त्रीय म्हणून योजला गेला, पण त्याने घोटाळा कमी झाला असे म्हणवत नाही. मराठीत पत ही माणसाची असते; ती राहते, जाते, वाढते. तेव्हा पत हमी म्हणजे आपल्या पतीबद्दल सरकारने दिलेली ग्वाही, असा अर्थ सुशिक्षितांनाही सुचतो. इंग्रजीतील एकाच शब्दाने उधारी व पत या दोन्हींचा बोध होतो. मराठीत त्या दोहोंस दोन शब्द असताना भाषांतरकाराने नेमका दुसरा उचलला, याचे आश्चर्य वाटते.

कायद्याची परिभाषा येथे अधिक स्वच्छ आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या १२६ व्या कलमात जामीनकीच्या कराराचे तीन पक्ष सांगितले आहेत : धनको, मूळ ऋणको आणि जामीनदार. गावातील पतपेढीत शेजारी जामीन राहतो तेव्हा हे तिघे एकमेकांस ओळखतात. जामीनदाराची जबाबदारी ऋणकोएवढीच असते असे १२८ वे कलम सांगते, आणि त्याने पैसे भरले तर धनकोचे सर्व हक्क त्याच्याकडे येतात असे १४० वे. अर्थात जामीनदाराने पैसे भरल्याने ऋणको मोकळा होत नाही. त्याचा धनको तेवढा बदलतो. ही गोष्ट गावात कोणास शिकवावी लागत नाही, कारण ज्याच्यासाठी शेजाऱ्याने पैसे भरले त्यास तो शेजारी रोज दिसतो. पत हमी न्यासाच्या व्यवहारात मात्र करार न्यास आणि बँक या दोघांत होतो. ऋणको त्यात सही करीत नाही आणि बहुधा न्यासाचे नावही त्याने नीट वाचलेले नसते. हा व्यवहार जामीनकीपेक्षा विम्यास जवळचा आहे, आणि विम्याप्रमाणेच त्यास वार्षिक शुल्क असते. शुल्क बँक भरते; परंतु बहुधा ते कर्जदाराच्याच खात्यातून वळते करते. शुल्क आपण देतो म्हणून विमाही आपलाच, असे कर्जदारास वाटले तर त्यास हसण्याचे कारण नाही.

आकड्यांचे एक उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. एखाद्या उपाहारगृहास बँकेने १६ लाख रुपये कर्ज दिले, न्यासाचे संरक्षण ७५ टक्के आहे, आणि १२ लाख बाकी असता खाते बुडीत झाले असे समजू. ठरलेली कार्यवाही पुरी केल्यावर न्यासाकडून बँकेस ९ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते; तीतील पाऊण हिस्सा, म्हणजे पावणेसात लाख, प्रथम, आणि उरलेले सव्वादोन लाख वसुलीचे सर्व मार्ग संपल्यावर. आता कर्जदाराचे देणे किती उरले? अनेकांचे उत्तर 'तीन लाख' असे येते. वस्तुतः ते १२ लाखच असते, आणि त्यावर व्याज चढत असते. न्यासाकडून पैसे मिळाल्यावरही वसुली बँकेनेच करावयाची असते, आणि जे वसूल होईल त्यातून न्यासाचा वाटा न्यासास परत करावयाचा असतो. हमी होती म्हणून कर्ज मिळाले, हे या कर्जदाराच्या बाबतीत अक्षरशः खरे आहे. हमी होती म्हणून त्याचे देणे एका रुपयाने कमी झाले, हे खरे नाही.

गोंधळास आणखी एक कारण आहे. 'जामीन' हा अरबी शब्द मराठीत दोन क्षेत्रांत वावरतो. दिवाणी व्यवहारात जामीन राहणे म्हणजे बांधले जाणे; फौजदारी व्यवहारात जामीन मिळणे म्हणजे सुटणे. वृत्तपत्रांतून रोज कानी पडणारा प्रयोग दुसरा आहे. परिणामी जामीन, हमी या शब्दकुलाभोवती सुटकेचे एक अस्पष्ट वलय तयार झाले आहे, आणि कर्जाच्या संदर्भात ते निश्चितच अपायकारक आहे.

'विनातारण' या शब्दाची कथा निराळी आहे. तारण म्हणजे तारून नेणारे. धनकोस बुडू न देणारी वस्तू. रिझर्व्ह बँकेने २०१० साली सूक्ष्म व लघुउद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जांस बँकांनी तारण मागू नये असा आदेश दिला, आणि तेव्हापासून 'विनातारण कर्ज' हा प्रयोग जाहिरातींतून सर्वत्र पसरला. त्यातील 'विना' हे अव्यय मात्र पूर्ण अभावाचे नाही. घर, शेत, दागिने असे बाहेरचे तारण मागितले जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. कर्जातून घेतलेली भट्टी, शीतकपाट, पीठ मळण्याचे यंत्र, टेबलखुर्च्या यांवर बँकेचा बोजा राहतोच. त्यास सहकारी बँकांच्या मराठीत 'नजरगहाण' असा शब्द आहे. गहाण वस्तू धनकोच्या घरी जाते. नजरगहाण वस्तू ऋणकोपाशीच राहते आणि धनकोची तिच्यावर केवळ नजर असते. असा नेमका व चित्रमय शब्द भाषेत असताना नव्या छापील नमुन्यांत त्याऐवजी बोजड संस्कृत प्रतिशब्द किंवा इंग्रजी शब्दाचे लिप्यंतर आढळते, ही खेदाची गोष्ट होय. पावसाळ्यात धंदा मंदावला म्हणून शीतकपाट विकून भाडे भरणाऱ्यास आपण बँकेची वस्तू विकली हे ठाऊक नसते. 'नजरगहाण' हा शब्द त्याने वाचला असता तर कदाचित ठाऊक असते.

अनुदानाच्या बाबतीत घोटाळा एका परभाषी शब्दाने केला आहे. बँकांच्या नित्य भाषेत 'मार्जिन' म्हणजे प्रकल्पाच्या खर्चातील कर्जदाराने स्वतः घालावयाचा हिस्सा. २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात मात्र 'मार्जिन मनी' म्हणजे सरकारने द्यावयाचे अनुदान. एकाच टेबलावर, एकाच दिवशी, एकच शब्द परस्परविरुद्ध दिशांनी वाहणाऱ्या पैशास लावला जातो. २०२२ च्या नियमांप्रमाणे या कार्यक्रमात सेवाव्यवसायाचा प्रकल्प २० लाखांपर्यंत असू शकतो. सर्वसाधारण वर्गातील अर्जदाराने स्वतःचे १० टक्के घालावयाचे आणि त्यास शहरी भागात १५, ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती इत्यादी विशेष वर्गांस स्वतःचा हिस्सा ५ टक्के आणि अनुदान अनुक्रमे २५ व ३५ टक्के. एखाद्या खेड्यातील स्त्रीने १० लाखांचे उपाहारगृह योजले, तर तिचे स्वतःचे ५० हजार, बँकेचे साडेनऊ लाख आणि अनुदान साडेतीन लाख, असा हिशेब होतो. बेरीज साडेतेरा लाखांवर जाते, आणि प्रथमदर्शनी ती चूक वाटते. चूक नाही. अनुदान तिच्या हाती येतच नाही. ते बँकेत तिच्या नावे तीन वर्षे ठेव म्हणून पडून राहते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी पाहणीत धंदा चालू आढळला म्हणजे ती रक्कम कर्जात वळती होते. 'दान' या पदाने सूचित होणारी देण्याची क्रिया येथे तीन वर्षांनंतर, तीही चाचणीवर अवलंबून, घडते. हातात पैसा येईल या भरवशावर जागेची अनामत कबूल करणाऱ्याची यात कुचंबणा होते. शिवाय जमिनीची किंमत या कार्यक्रमात प्रकल्पखर्चात धरता येत नाही.

'परतावा' आणि 'परतफेड' ही जोडीही अशीच जपून वापरण्याची आहे. परतफेड ऋणको करतो. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाच्या योजनेतील व्याज परतावा महामंडळ करते. पण अगोदर व्याजासह हप्ता कर्जदाराने वेळेवर भरावयाचा आणि मग व्याजाची रक्कम त्यास परत मिळावयाची, असा क्रम असतो. 'बिनव्याजी' हा लोकांनी त्यास दिलेला प्रतिशब्द परिणामाच्या दृष्टीने बरोबर असला तरी क्रमाच्या दृष्टीने चुकीचा आहे, आणि चालू धंद्यात क्रम हाच प्राण असतो. १ जून २०२० रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेत, म्हणजे वडापावच्या गाडीपासून भेळेच्या पाटीपर्यंत ज्यांचा पथविक्रेते म्हणून समावेश होतो त्यांच्या कर्जात, ७ टक्के व्याज-अनुदानाची तऱ्हा अशीच आहे : प्रथम भरणे, मग मिळणे. (प्रसंगतः नमूद करण्यासारखे असे की, संस्कृतात 'व्याज' या शब्दाचा अर्थ मिष, कपट असा आहे. अर्थांतराचा हा प्रवास स्वतंत्र टिपणाचा विषय होईल.)

'हॉटेल' या शब्दाविषयी थोडेच सांगणे पुरे. मराठीत हॉटेल म्हणजे जेथे खावयास, निदान चहा प्यावयास, मिळते ती जागा; मुक्कामाचा संबंध नाही, त्यास लॉज म्हणावे. २००८ च्या राष्ट्रीय उद्योग वर्गीकरणात निवासाचे व्यवसाय ५५ व्या विभागात आणि खाद्यपेय सेवा ५६ व्या विभागात येतात. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून याच क्रमांकांवर चालते. अर्जात 'हॉटेल' लिहिणाऱ्याने विभाग पाहून क्रमांक निवडला पाहिजे, आणि तो अर्ज भरून देणाऱ्या दुकानदारास हा भेद ठाऊक असेलच असे नाही. रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या निषिद्ध यादीत मद्य देणारे हॉटेल किंवा ढाबा आहे. मूळ यादीत सामिष पदार्थ वाढणेही होते. ते पुढे वगळले गेले. 'खानावळ' शब्दास सरकारी वर्गीकरणात स्वतंत्र स्थान नाही.

आणि तरीही लहान कर्जाचा प्रश्न महाराष्ट्रात ज्या व्यवसायाने सर्वांत ठळकपणे पुढे आणला तो खानावळीचाच होय. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून व घाटावरून एकटे आलेले कामगार कोणा बाईकडे महिन्याचे जेवण लावीत. ती बाई आपल्या खोलीतच दोन वेळा दहा-वीस माणसांचा स्वयंपाक करी. जेवणाऱ्यांचे पैसे पगारानंतर येत. धान्य, तेल, मीठ मात्र महिनाभर आधी लागे. ते वाण्याकडून उधारीवर येई आणि उधारीचा भाव रोखीच्या भावापेक्षा चढा असे. नड वाढली की सावकार, आणि सावकारापाशी मंगळसूत्र. तिला हवे होते ते यंत्रसामग्रीचे कर्ज नव्हे, तर एका महिन्याचे खेळते भांडवल. मराठीतील 'खेळते' हे विशेषण येथे अगदी यथार्थ आहे : पैसा वाण्याकडे जातो, ताटात येतो, पगाराच्या दिवशी परत फिरतो; तो थांबला की खेळ संपला. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या स्त्रियांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना लहान रकमांची कर्जे मिळवून दिली. तारण ठेवण्यासारखे काहीच नसलेल्या या सभासद स्त्रिया गटाने एकमेकींच्या जामीन राहत. येथे हमी कोण देते, कोणास देते आणि ती मोडली तर कोणाच्या पदरास खार लागतो, यांपैकी एकही गोष्ट संदिग्ध नव्हती. चतुर्थीची जागा डोळ्यांसमोर होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. जेवणाऱ्यांचे पगार थांबले तसे खानावळीचे येणे थांबले, आणि वाण्याचे देणे थांबले नाही. धंद्याची जोखीम कर्जाच्या प्रकाराने नाहीशी होत नाही. ती कोणावर पडणार एवढेच त्याने ठरते.

खानावळीचे उत्पन्न महिन्याचे आणि कर्जाचा हप्ताही महिन्याचा, असा तेथे मेळ होता. 'हप्ता' हा फारसी शब्द मुळात आठवड्याचा वाचक. मराठीत तो ठरावीक काळाने द्यावयाच्या रकमेचा वाचक झाला आणि बँकांनी तो महिन्यास बांधला. चहाच्या हॉटेलचे उत्पन्न मात्र रोजचे, तेही सुट्या पैशांचे असते, आणि रोज आलेला पैसा रोज दुधाला, पावाला, गॅसला जातो. महिनाअखेर एकरकमी हप्ता काढणे अशा धंद्यास स्वभावतः जड जाते. यावर बाजाराने स्वतःचा उपाय शोधला आहे. १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने घरोघरी, दुकानोदुकानी फिरून रोज लहान ठेव गोळा करण्याची पद्धत पाडली. तिला दिलेले 'पिग्मी' हे नाव कर्नाटकातून महाराष्ट्रात आले आणि आता पतसंस्थांच्या मराठीत पक्के रुजले आहे. संध्याकाळी गल्ला मोजताना पिग्मी एजंट दारात उभा असतो, आणि त्या ठेवीतून महिन्याचा हप्ता वळता होतो. हमी, अनुदान, परतावा यांबद्दल सरकारी पत्रकांत पानेच्या पाने असतात; कर्ज प्रत्यक्ष फेडले जाते त्या या यंत्रणेबद्दल त्यांत सहसा ओळ नसते.

शेवटी 'निर्लेखन'. खाते दीर्घकाळ थकल्यावर बँक ते आपल्या ताळेबंदातून काढून टाकते. इंग्रजीतील संज्ञेचे शब्दशः रूपांतर करून 'निर्लेखित' असे विशेषण घडविण्यात आले. वृत्तपत्रांना ते अवघड वाटले म्हणून त्यांनी सरसकट 'माफ' लिहिण्यास आरंभ केला. मोठ्या कारखानदारांची कर्जे माफ झाली, असा मथळा वाचणाऱ्या हॉटेलवाल्याने मग आपलेही तसेच होईल अशी अपेक्षा धरली, किंवा न झाल्यास अन्याय मानला, तर दोष त्याचा नाही. निर्लेखनाने बँकेच्या वहीतील नोंद बदलते; ऋणकोचे देणे कायम राहते, वसुली चालू राहते, आणि पत-माहिती संस्थांकडील नोंदीमुळे पुढील कर्जाची वाट बंद होते. माफीत धनको आपला हक्क सोडतो. दोन्ही क्रियांचा कर्ता बँकच असली, तरी एकीचे कर्म बँकेची स्वतःची वही आहे आणि दुसरीचे कर्म दुसऱ्याचे देणे.

उपाय पारिभाषिक कोशात आणखी एका शब्दाची भर घालण्याचा नव्हे, वाक्यरचनेचा आहे. मंजुरीपत्रात 'सदर कर्जास शासनपुरस्कृत पत हमी उपलब्ध आहे' अशा धाटणीचे वाक्य असते. त्यात क्रियापद अकर्मक आहे, देणाऱ्याचा उल्लेख एका विशेषणात दडला आहे, आणि चतुर्थीचा प्रत्यय नेमका 'कर्जास' या निर्जीव पदास लागला आहे. त्याऐवजी असे लिहिता येते : 'कर्ज थकल्यास त्याचा ठरावीक हिस्सा न्यास बँकेस देईल, कर्जदाराने बँकेस द्यावयाची रक्कम त्यामुळे कमी होणार नाही.' कर्ता, कर्म आणि संप्रदान ही तिन्ही येथे उघड आहेत. वाक्य लांब आहे, आणि योजनेच्या भित्तिपत्रकावर ते मावणार नाही. परंतु ज्या कागदावर कर्जदाराची सही घेतली जाते त्यावर त्यास पुरेशी जागा असते.